कदम चुकणाऱ्याची कैफियत

सक्तीच्या लष्करी सेवेचा विषय आपल्याकडे निघतो तो बहुधा उपाय म्हणूनच. तरुणांना दोन वर्षे पलटणीत धाडा, म्हणजे त्यांच्या अंगी शिस्त बाणेल, हे मत पुण्यातल्या घराघरांत जसे ऐकू येते, तसेच ते राज्यकर्त्यांच्या कागदपत्रांतही अधूनमधून उमटते. २०१८ च्या मार्च महिन्यात संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने, सरकारी नोकरीत थेट प्रवेश करू पाहणाऱ्यांना पाच वर्षांची लष्करी सेवा अनिवार्य करावी, अशी शिफारसच केली होती. या चर्चेत देशाच्या संरक्षणाचा विचार होतो, खजिन्यावर पडणाऱ्या बोजाचा होतो, तरुणांच्या चारित्र्याचाही होतो. परंतु ज्याची प्रकृती निकोप आहे, ज्याच्या देशप्रीतीत काही उणे नाही, आणि तरीही ज्याच्या मनाची घडणच बराकीतल्या सामुदायिक जीवनाशी जुळत नाही, अशा मुलाचे पुढे काय होते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. ज्या ज्या देशांनी सक्तीची भरती केली, त्या प्रत्येक देशाच्या लष्करी वैद्यकाला या मुलाची दखल घ्यावी लागली आहे. आणि पुणे शहरानेही त्याला, सौम्य रूपात का होईना, पाच वर्षे जवळून पाहिले आहे.

स्वतंत्र भारताने आपल्या नागरिकांना सैन्यात दाखल होण्याची सक्ती कधीही केली नाही. इंग्रजी अमदानीतही, पहिल्या महायुद्धाच्या काळात १९१७ साली जो ‘इंडियन डिफेन्स फोर्स’चा कायदा झाला, त्याने सेवेची सक्ती केली ती हिंदुस्थानात राहणाऱ्या युरोपियन ब्रिटिश प्रजाजनांवर, एतद्देशीयांसाठी ती ऐच्छिक होती. सक्तीच्या सर्वांत जवळ जाणारा प्रसंग आला तो १९६३ साली, जेव्हा महाविद्यालयांतील शरीराने सक्षम अशा मुलांना राष्ट्रीय छात्रसेनेचे, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या एन.सी.सी.चे शिक्षण अनिवार्य करण्यात आले. १९६८ साली ते पुन्हा ऐच्छिक झाले. मधल्या पाच वर्षांत फर्गसन, सर परशुरामभाऊ, वाडिया, बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय आणि अभियांत्रिकी महाविद्यालय यांसारख्या संस्थांत ज्यांनी पाऊल ठेवले, त्यांना खाकी गणवेश अंगावर चढवावा लागला, मग त्यांचा ओढा गणिताकडे असो, सतारीकडे असो, की एकट्याने पर्वतीच्या पायऱ्या चढून जाण्याकडे असो.

ही सक्ती जुलमाच्या भावनेने आली नाही, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराने पुण्याच्या नदीकाठच्या पेठा उद्ध्वस्त केल्या, त्या आघातातून शहर पुरते सावरलेही नव्हते, तोच २० ऑक्टोबर १९६२ रोजी चिनी सैन्याचे आक्रमण सुरू झाले. २६ ऑक्टोबरला आणीबाणी जाहीर झाली, आणि नोव्हेंबरात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला रुजू झाले. पराभवाचा सल ताजा होता. अशा वेळी तरुणांनी बंदूक हाती धरावी, कवायत शिकावी, हे सर्वांनाच स्वाभाविक आणि आवश्यक वाटले. किंबहुना हा विचार आधीपासूनच सरकारदरबारी घोळत होता. १९५९ च्या ऑगस्टमध्ये चिंतामणराव देशमुखांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने, शालेय शिक्षण संपवून महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या सर्व विद्यार्थ्यांना नऊ महिने ते एक वर्ष इतक्या मुदतीची राष्ट्रीय सेवा अनिवार्य करावी, आणि तीत काही लष्करी शिक्षण, समाजसेवा, अंगमेहनत व सामान्य शिक्षण यांचा समावेश असावा, अशी योजना मांडली होती. खर्चाच्या व अंमलबजावणीच्या अडचणींमुळे ती बारगळली. पुढच्याच वर्षी ख्वाजा गुलाम सय्यदैन यांनी निरनिराळ्या देशांतील अशा सेवांचा अभ्यास करून ती ऐच्छिक असावी असा अभिप्राय दिला होता. परंतु १९६२ च्या शरद ऋतूनंतर ऐच्छिकपणाची बाजू ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत देश नव्हता.

त्याहूनही खोलवरचे एक कारण आहे. आपल्या प्रांतात लष्करी सेवा ही कित्येक दशके मागून घ्यायची वस्तू होती. १८९० नंतरच्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाली, तेव्हा दापोलीचे निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली सरकारकडे अर्ज केला. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांपर्यंत दरखास्त नेली. आणि १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहीपर्यंत ही मागणी जिवंत राहिली. दुसऱ्या बाजूला डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांच्यासारखे पुढारी लष्करी शिक्षणाअभावी समाज हतवीर्य झाला आहे असे सांगत होते, आणि १९३७ साली नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल उघडीत होते. विद्यापीठांतील लष्करी प्रशिक्षणाची पथके, पंडित हृदयनाथ कुंझरू यांची समिती, आणि तिच्या शिफारशींतून १९४८ साली जन्मलेली छात्रसेना, ही सारी त्याच आकांक्षेची फळे. गणवेश म्हणजे प्रतिष्ठा, समानता, पौरुष आणि स्वराज्य यांचे एकवटलेले चिन्ह, अशी ज्या समाजाची कित्येक दशकांची धारणा, त्या समाजात गणवेशाने गुदमरणाऱ्या मुलाला आपली व्यथा बोलून दाखवायला शब्द सापडणे अवघड होते. त्याचे दुःख ऐकणाऱ्याला ते दुःख वाटत नाही, भित्रेपणा वाटतो. आणि हळूहळू त्याला स्वतःलाही तसेच वाटू लागते.

आता परेडच्या मैदानावर प्रत्यक्ष काय घडते ते पाहू, कारण या विषयाचे मर्म तिथे आहे. पहाटेच्या गारठ्यात तीन रांगांत मुले उभी आहेत. पट्ट्याचे पितळ ब्रासोने लखलखीत केलेले आहे. पलटणीतून आलेले उस्ताद सावधान, विश्राम, दाहिने मुड, तेज चल असे हुकूम देत आहेत. शंभरांतील बहुसंख्य मुलांचे पाय काही दिवसांत एका लयीत पडू लागतात. एखाद्याचे पडत नाहीत. डावा पाय पुढे तेव्हा उजवा हात पुढे जावा, ही गोष्ट रस्त्याने चालताना त्याला कोणी शिकवली नव्हती आणि कधी चुकलीही नव्हती. परंतु सर्वांच्या नजरेखाली ती जाणूनबुजून करू जाताच डावा हात आणि डावा पाय एकदमच पुढे जातात. उस्ताद थांबवतात, त्याला रांगेबाहेर काढतात, सगळ्यांसमोर एकट्याला चालायला लावतात. लक्ष जितके अधिक, तितकी चूक अधिक, आणि चूक जितकी अधिक, तितके लक्ष अधिक. हे चक्र मानसशास्त्राला पूर्ण परिचयाचे आहे, कारण जी हालचाल शरीर सवयीने बिनबोभाट करते, तिच्यावर भीतीने जाणिवेचा पहारा बसवला, की तिचा ओघ तुटतो. वर्गातील अज्ञान झाकता येते, गप्प बसून वेळ मारून नेता येते. कवायतीत झाकायला जागाच नसते.

कवायतीचा हेतू केवळ सौंदर्य नव्हे. युरोपात सोळाव्या शतकाच्या अखेरीस नासाऊच्या मॉरिसने तिला शास्त्रीय रूप दिले. आपल्या दख्खनेत ती इब्राहिमखान गारद्याच्या पायदळातून आणि पुढे महादजी शिंद्यांच्या चाकरीतील द बॉइन्यच्या कंपूंतून रुजली. बंदुका एकदम भरल्या व झाडल्या जाव्यात ही तिची मूळ गरज होती. ती गरज यंत्रयुगात संपली, तरी कवायत संपली नाही. याचा उलगडा विल्यम मॅक्नील या अमेरिकन इतिहासकाराने फार सुंदर केला आहे. १९४१ साली सक्तीच्या भरतीत सापडून तो टेक्सासच्या माळावर तासन्‌तास कवायत करीत होता, आणि या निरर्थक वाटणाऱ्या चालण्याने आपले मन एका विलक्षण प्रसन्नतेने भरून जाते, आपण आपल्या देहाहून मोठे झालो आहोत असे वाटते, हे ध्यानी येऊन तो चकित झाला. अर्धशतकानंतर, १९९५ साली, त्याने या अनुभवावर ग्रंथ लिहिला आणि प्रतिपादन केले, की अनेक माणसांचे स्नायू एका तालात हलू लागले म्हणजे त्यांच्यात आपलेपणाचे जे बंध निर्माण होतात, ते नृत्य, समूहश्रम आणि सैन्य या सर्वांच्या मुळाशी आहेत. ज्याने टाळ घेऊन पालखीबरोबर चार पावले टाकली आहेत, त्याला हे मुद्दाम पटवून द्यावे लागणार नाही.

मॅक्नीलचे हे निरीक्षण मला फार महत्त्वाचे वाटते, परंतु त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जी लय नव्व्याण्णवांना एकत्र बांधते, तीच शंभराव्याला बाहेर टाकते. ते सर्व एका आनंदात सहभागी होत असताना तो एकटा त्या आनंदात विघ्न आणीत असतो. आणि हे विघ्न केवळ भावनिक राहत नाही, कारण लष्करी शिरस्त्याप्रमाणे एकाच्या चुकीचा रगडा पुष्कळदा साऱ्या तुकडीला भरावा लागतो. या सामुदायिक शिक्षेमागे हेतू असा, की सोबत्यांनी कच्च्याला सावरून घ्यावे. कधी तसे घडतेही. पण कित्येकदा तुकडी त्याला सावरून घेण्याऐवजी त्याच्यावर उलटते, आणि वरिष्ठांनी हात न उचलताच शासनाचे काम सोबती करू लागतात. अधिकाऱ्याच्या कठोरपणाने माणूस दुखावतो, तरी त्या कठोरपणाला पदाचा अधिकार असतो. बरोबरीच्यांनी वाळीत टाकल्याचे दुःख मात्र स्वतःच्या किमतीविषयीच्या विश्वासालाच हात घालते.

छात्रसेनेत निदान संध्याकाळी घर होते. सायकल काढली, की मुलगा आपल्या पेठेत, आपल्या आईच्या स्वयंपाकघरात, आपल्या पुस्तकांत परत येत असे. आठवड्यातील काही तास आणि वर्षाकाठचा कॅम्प एवढ्यापुरतीच ही सक्ती होती. खरी सक्तीची सेवा हा दरवाजा बंद करते. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९६१ साली वेड्यांची इस्पितळे, तुरुंग, मठ आणि बराकी यांचा एकत्र विचार करून दाखवून दिले, की जिथे झोप, काम आणि करमणूक ही तिन्ही एकाच छपराखाली, एकाच सत्तेच्या हुकमाने आणि सर्वांसमक्ष चालतात, तिथे येणाऱ्याच्या पूर्वीच्या ‘मी’चे पद्धतशीर विसर्जन केले जाते. केस कापले जातात, कपडे काढून घेतले जातात, नावाऐवजी क्रमांक येतो, आणि घराबाहेर असलेली त्याची ओळख, म्हणजे कोणाचा मुलगा, कोणत्या विषयात हुशार, कोणाचा मित्र, ही सारी निरुपयोगी ठरते. ज्याला मोकळ्या वेळेत एकांत मिळाल्यावाचून मन पूर्ववत होत नाही, अशा स्वभावाच्या मुलाच्या दृष्टीने चोवीस तास माणसांच्या गराड्यात राहणे हीच सर्वांत मोठी यातना असते. बंदुकीचे ओझे त्यापुढे काहीच नाही.

याचे परिणाम शरीरावरही उमटतात. झोप उडते, भूक जाते, पोटात मुरडा येतो, छाती धडधडते, क्षुल्लक कारणाने रडू फुटते किंवा उलट मन अगदी बधिर होते. घरापासून दूर पडलेल्यांच्या या क्षयाचे वर्णन बासेलच्या योहानेस होफरने १६८८ सालीच आपल्या वैद्यकीय प्रबंधात केले होते, आणि एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन यादवी युद्धात लष्करी डॉक्टर त्याची रीतसर रोग म्हणून नोंद करीत होते. आजचे मनोविकारशास्त्र अशा अवस्थेला बहुधा समायोजन विकार म्हणते. अमेरिकेतील प्रचलित वर्गीकरणानुसार ताणाचे कारण सुरू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत ही लक्षणे उद्भवतात, आणि ते कारण दूर झाल्यावर सहा महिन्यांहून अधिक काळ टिकत नाहीत. या व्याख्येतच सक्तीच्या सेवेची अडचण दडलेली आहे. कारण दूर केले की माणूस बरा होतो, हे वैद्याला ठाऊक असते. आणि कारण दूर करण्याचा अधिकार वैद्यापाशी नसतो, किंवा असला तरी तो वापरताना त्याला रुग्ण आणि पलटण या दोन धन्यांची चाकरी करावी लागते. त्यात सोंगाचा संशय सदैव उभा. सिक रिपोर्टला आलेला मुलगा खरोखर आजारी की कामचुकार, हा प्रश्न त्या खोलीत सर्वांत आधी शिरतो. आणि खरे सांगायचे तर तो मुलगाही त्याचे उत्तर खात्रीने देऊ शकत नाही, कारण पोटातली कळ खरी असते आणि ती परेडच्या आदल्या रात्रीच उठते, हेही खरे असते. पहिल्या महायुद्धात या संशयाने प्राण घेतले. ब्रिटनने १९१६ च्या जानेवारीत सक्तीच्या भरतीचा कायदा केला; त्या युद्धात पलायन, भ्याडपणा अशा आरोपांखाली गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना, ज्यांत स्वेच्छेने आलेलेही होते, २००६ साली मरणोत्तर क्षमा देण्यात आली.

इथे कोणी म्हणेल, की कष्ट आणि अपमान तर स्वेच्छेने गेलेल्यालाही चुकत नाहीत. ही गोष्ट पुणेकरांनी मान्य केलीच पाहिजे, कारण खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आणि खडकीचे बॉम्बे सॅपर्सचे केंद्र त्यांच्या शेजारी आहे, आणि तिथल्या छात्रांना व रंगरुटांना जे भोगावे लागते, ते छात्रसेनेच्या परेडहून कितीतरी कठोर असते. तरीही त्यांच्यातील बहुतेक जण ते पेलतात. स्नायू बळकट असतात एवढेच त्याचे कारण नव्हे. आपण हे मागून घेतले आहे, यातून जे पद मिळणार ते आपल्याला हवे आहे, आणि अगदी असह्य झाले तर परत फिरण्याची वाट आहे, ही जाणीव त्यांच्या प्रत्येक यातनेला अर्थ देते. शिवाय ऐच्छिक सैन्य निवड करते. १९४३ पासून आपल्याकडे अधिकाऱ्यांच्या निवडीत मानसशास्त्रीय कसोट्या वापरल्या जातात, आणि न जुळणारा माणूस दाराशीच परत फिरवला जातो. तो परतीचा निरोप उमेदवाराला कटू वाटतो. पण त्यात त्याचे किती कल्याण झाले, हे सक्तीच्या देशांकडे पाहिल्यावर कळते.

अशा देशांपैकी एकाशी पुण्याचे रक्ताचे नाते आहे. रास्ता पेठेतील १९२१ सालचे सुक्कथ शेलोमो हे प्रार्थनामंदिर ज्यांनी उभारले, त्या मराठी भाषक बेने इस्राएल या यहुदी समाजाने अठराव्या शतकापासून कंपनी सरकारच्या देशी पलटणींत मोठ्या संख्येने चाकरी केली; सुभेदार, जमादार असे हुद्दे त्यांच्या घराण्यांत अभिमानाने सांगितले जात, आणि निवृत्त झालेले कित्येक जण पुण्यात स्थायिक झाले. ती चाकरी ऐच्छिक होती. १९४८ नंतर यातील बहुसंख्य कुटुंबे क्रमाक्रमाने इस्राएलला गेली, बीरशेबा, दिमोना, अशदोद, लोद, रामला अशा गावांत वसली, आणि तिथे १९४९ च्या कायद्याने मुलगा असो वा मुलगी, लष्करी सेवा प्रत्येकाच्या वाट्याला आली. ज्यांच्या घरात भाकरी, चिकाचा हलवा आणि मराठी कीर्तने होती, ती मुले हिब्रू हुकमांवर पावले टाकू लागली. त्यांच्यापुढे आणखी एक पेच होता. आपण पूर्ण यहुदी आहोत हे तिथल्या धर्मपीठाने मान्य करावे यासाठी या समाजाला झगडावे लागले, आणि १९६४ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने त्यांच्या बाजूने ठराव केला. ज्या समाजाला आपले आपलेपण सिद्ध करायचे आहे, त्या समाजातील मुलाने ‘मला हे झेपत नाही’ असे म्हणणे किती कठीण असेल, याचा अंदाज करावा.

इस्राएलची व्यवस्था या बाबतीत पुष्कळ विचारपूर्वक घडवलेली आहे. प्रत्येक भरतीपात्र व्यक्तीला वैद्यकीय तपासणीनंतर एक अंक मिळतो. सर्वोच्च अंक ९७, आणि २१ म्हणजे सेवेस अपात्र. सैनिकाला मन सांभाळेनासे झाले, तर ज्याच्याकडे दाद मागायची, असा मानसिक आरोग्याचा अधिकारी असतो, आणि त्याला सर्वजण ‘कबान’ या नावाने ओळखतात. ही दाद मागण्याची सोय फार मोलाची आहे. परंतु जिथे ओळखी, मैत्री आणि नोकऱ्या लष्करातील वर्षांतून जुळतात, जिथे नव्या माणसाला पहिला प्रश्न ‘तू कुठल्या तुकडीत होतास?’ असा येतो, तिथे २१ हा अंक सुटकेबरोबर एक डागही देतो. त्यामुळे आत राहून झुरायचे, की बाहेर पडून खुलासे करीत राहायचे, असा पेच विशीही न गाठलेल्या मुलापुढे पडतो.

मग न जुळणाऱ्यांना आधीच ओळखून वगळता येणार नाही काय? हा प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर झाला आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने भरतीच्या वेळीच मनोविकारतज्ज्ञांकरवी तपासणी करवून सतरा लाखांहून अधिक तरुणांना मानसिक कारणांवरून नाकारले. तरीही आघाडीवर मानसिक आघाताने निकामी होणाऱ्यांची संख्या अपेक्षेप्रमाणे घटली नाही, आणि काही मिनिटांच्या मुलाखतीत माणसाची सहनशक्ती मोजता येत नाही हे तज्ज्ञांना कबूल करावे लागले. माणूस कोलमडतो की तगतो, हे त्याच्या एकट्याच्या स्वभावापेक्षा त्याला तुकडीत एक तरी सोबती मिळतो की नाही, आणि त्याचा नायक न्यायी आहे की नाही, यावर अधिक अवलंबून असते, असे त्या युद्धाने शिकवले. उलट टोकाचा प्रयोगही त्याच देशाने व्हिएतनामच्या काळात केला. १९६६ साली संरक्षणमंत्री मॅक्नमारा यांनी, बुद्धिमापनात नेहमीच्या किमान पातळीखाली येणाऱ्या तरुणांना सैन्यात घेऊन त्यांचा उद्धार करण्याची योजना आखली. साडेतीन लाखांच्या आसपास मुले तीतून भरती झाली, आणि त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाण इतरांहून अधिक निघाले. सैन्य माणूस घडवते, या समजुतीची इतकी महागडी परीक्षा दुसऱ्या कुठल्या योजनेने दिली असेल असे मला वाटत नाही.

दक्षिण कोरियाचा धडा याहून निराळा आहे. तिथे न रुळणाऱ्या सैनिकांची ‘विशेष लक्ष ठेवण्याजोगे’ अशी वर्गवारी करण्याचा रिवाज पडला. हेतू काळजीचा होता. पण बराकीत काहीही गुप्त राहत नाही, आणि काळजीपोटी दिलेली ती ओळख चेष्टेचे निमित्त होऊन बसते. २०१४ च्या जूनमध्ये सरहद्दीवरील एका ठाण्यात अशाच वर्गवारीत पूर्वी गणलेल्या, सुटकेला अवघे काही महिने उरलेल्या एका सार्जंटने आपल्याच सोबत्यांवर शस्त्र चालवून पाच जणांचे प्राण घेतले. त्याच वर्षी एका नवख्या शिपायाला त्याच्या वरिष्ठ सोबत्यांनी मारहाण करून ठार केल्याचे उघडकीस आले. असे प्रसंग विरळा असतात, आणि सक्तीच्या सेवेतून जाणारे कोट्यवधी तरुण धडधाकट परत येतात, हे विसरून चालणार नाही. मात्र या दोन घटनांच्या मधल्या अफाट प्रदेशात, ना कोणाला मारणारे ना मरणारे, केवळ दिवस मोजीत बसलेले जे असंख्य असतात, त्यांची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. पुढे २८ जून २०१८ रोजी तिथल्या घटनात्मक न्यायालयाने, सदसद्विवेकापोटी शस्त्र नाकारणाऱ्यांसाठी पर्यायी सेवा नसणे हे घटनाबाह्य ठरवले, आणि २०२० च्या ऑक्टोबरपासून ती सुरू झाली. पण ती आहे छत्तीस महिन्यांची, तुरुंगांत राहून तिथली कामे करण्याची, आणि लष्करी सेवेच्या दुप्पट मुदतीची. शिवाय ज्याचे मन तत्त्वाने नव्हे, तर स्वभावाने बराकीशी जुळत नाही, त्याला या दरवाजाचा उपयोग नाही, कारण तिथे श्रद्धेचा पुरावा मागतात.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक शहाणपणाने सुटला, असे माझे मत आहे, आणि त्याचे श्रेय पुरेसे दिले जात नाही. शिक्षणविषयक कोठारी आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्या कोल्हापूर भागातील शिक्षणतज्ज्ञ होते, १९६६ च्या अहवालात शिक्षणाच्या सर्व टप्प्यांवर समाजसेवेला स्थान असावे असे सुचवले. एप्रिल १९६७ मध्ये राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने छात्रसेना ऐच्छिक ठेवून तिला राष्ट्रीय सेवा योजनेचा पर्याय द्यावा असे ठरवले. आणि २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांतील चाळीस हजार विद्यार्थ्यांना घेऊन ती योजना सुरू झाली. ज्याला बंदूक आणि लय प्रिय, त्याने परेडला जावे. ज्याला विहीर खणणे, रुग्णाची शुश्रूषा करणे किंवा एखाद्या गावाची पाहणी करणे अधिक जमते, त्याने तिकडे जावे. आणि दोहोंपैकी कोणाचीही देशनिष्ठा कमी लेखली जाऊ नये, हा त्यामागचा भाव होता. सक्ती उठल्यानंतरही छात्रसेना मोडली नाही. उलट जे उरले ते हौसेने उरले, आणि प्रजासत्ताक दिनाच्या दिल्लीतील संचलनासाठी निवड व्हावी म्हणून आजही पुण्यातली मुले-मुली वर्षभर घाम गाळतात.

राहतो तो सक्तीच्या त्या पाच वर्षांतील मुलांचा प्रश्न. त्यांच्यातील बहुतेकांनी आज पंचाहत्तरी ओलांडली आहे. त्यांच्यापैकी ज्यांना परेड आवडली, ज्यांना ३०३ रायफलीचा पहिला धक्का खांद्यावर घेताना अभिमान वाटला, ज्यांना कॅम्पमधील तंबूंत जिवाभावाचे मित्र मिळाले, त्यांच्या आठवणी स्नेहमेळाव्यांत आणि महाविद्यालयांच्या स्मरणिकांत येतात, आणि त्या यायलाच हव्यात. परंतु जे परेडच्या आदल्या रात्री जागे राहत, वैद्यकीय दाखल्यासाठी ओळखीच्या डॉक्टरांकडे संकोचाने जात, आणि रांगेबाहेर एकट्याने चालताना झालेले हसे पुढे कितीतरी वर्षे विसरू शकले नाहीत, त्यांना आजवर कोणी विचारलेले नाही. विद्यापीठाचा एखादा इतिहास किंवा मानसशास्त्र विभाग, किंवा खुद्द त्या महाविद्यालयांचे माजी विद्यार्थी संघ, हे काम हाती घेऊ शकतील. दोन-चार विद्यार्थ्यांनी ध्वनिमुद्रक घेऊन पेठांतून आणि कोथरूडच्या सोसायट्यांतून फिरावे, आजोबांना त्यांची बटालियन आणि उस्तादांचे नाव विचारण्याबरोबरच, तुम्हाला ते नको होते काय, नको असल्यास कोणाला सांगितले होते, आणि सांगितल्यावर घरचे काय म्हणाले, हेही विचारावे. पुढच्या वेळी कोणी सक्तीची शिफारस दिल्लीत मांडील, तेव्हा तिच्यासोबत जोडायला हा कागद तयार असेल; आणि तो तयार करायला आता फार वर्षे हाताशी नाहीत.